तेराने जाणारा भाग

१९५/२२१ हा अपूर्णांक फळ्यावर लिहून ‘अतिसंक्षिप्त रूप द्या’ म्हटलं की वर्ग ठरलेल्या वाटेने चालू लागतो. आधी दोन. दोन्ही संख्या विषम, विषय संपला. तीनने वरच्याला भाग जातो (१+९+५ = १५), खालच्याला नाही (२+२+१ = ५). पाचचंही तेच. सातने बघायचा कंटाळा येतो, आणि बघितलं तरी जात नाही. अकराच्या वाटेला तर कुणी जातच नाही. मग ‘दिलेला अपूर्णांक अतिसंक्षिप्तच आहे’ असं वहीत सुवाच्य अक्षरात लिहून मुलं मोकळी होतात. उत्तर आहे १५/१७. दोन्ही संख्यांत १३ होता आणि तेरापर्यंत कुणी पोचलंच नाही.

मुलांना यात फार दोष देता येत नाही. मोठ्या पल्ल्यातून कुठल्याही दोन संख्या उचलल्या तर दोन्ही सम असण्याची शक्यता चारात एक असते. दोन्हींना ३ ने भाग जाण्याची नवात एक, ५ ने पंचविसात एक. १३ वर आलं की ती १६९ मध्ये एक होते. सगळे विभाजक जमेस धरले तर शंभरातल्या जवळपास ६१ जोड्या सहमूळ निघतात, म्हणजे १ सोडून त्यांना सामाईक विभाजकच नसतो. (हा ६१ टक्के आकडा ६ भागिले पायचा वर्ग यातून येतो. वर्तुळातला पाय इथे काय करतोय, हा वेगळ्या लेखाचा विषय.) उरल्या ३९; त्यातल्या २५ जोड्यांना तर नुसत्या दोननेच काट लागते. दोन, तीन, पाच करून बहुतेक वेळा काम भागतं, म्हणून तेवढ्यावरच विश्वास बसतो. तेरा क्वचितच भेटतो आणि भेटतो तेव्हा ओळखू येत नाही.

शाळेत मसावि (महत्तम सामाईक विभाजक) शिकवताना एक गोष्ट बहुधा सांगायची राहते. अपूर्णांक लहान करायला मसावि लागतच नाही. ८४/१२६ घ्या. दोनने काटलं, ४२/६३. तीनने काटलं, १४/२१. सातने काटलं, २/३. झालं. यात मसाविचं नावही आलं नाही, पण ज्यांनी काटलं ते २, ३ आणि ७ गुणून बघा: ४२. हाच ८४ आणि १२६ चा मसावि. म्हणजे टप्प्याटप्प्याने काटणारा मुलगा मसावि हप्त्याहप्त्याने काढतच असतो, आणि ‘आधी मसावि काढला नाही’ म्हणून त्याचा गुण कापणं मला पटत नाही.

मग मसावि हवा कशाला? थांबायची खात्री मिळावी म्हणून. काटाकाटीत ‘आता भाग जात नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा खरा अर्थ ‘मला दिसत नाही’ एवढाच असतो. मसावि हातात असला की एका घावात शेवट गाठता येतो, आणि मागे काही राहिलं असेल का ही शंका उरत नाही. हे नीट सांगितलं तर मसावि हे एक जास्तीचं लचांड वाटत नाही.

आता तो काढायचा कसा. मूळ अवयवांची पद्धत सगळ्यांना येते: ८४ = २×२×३×७, १२६ = २×३×३×७. दोन्हीकडे आहेत तेवढेच अवयव उचलायचे, म्हणजे एक २, एक ३, एक ७. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘दोन वेळा २ आहे ना’ म्हणून दोन्ही २ आणि दोन्ही ३ घेणं. तसं केलं की २५२ येतात आणि तो लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) असतो. पडताळा सोपा आहे. मसावि दिलेल्या लहान संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही. २५२ हे ८४ पेक्षा मोठे झाले तिथेच थांबायला हवं होतं. शंका असली तर मसावि आणि लसावि यांचा गुणाकार दोन संख्यांच्या गुणाकाराइतका येतो का बघावं: ४२×२५२ = १०५८४ आणि ८४×१२६ = १०५८४.

उभ्या मांडणीतही घोळ याच जागी होतो. डावीकडे विभाजक, उजवीकडे दोन संख्या, खाली भागाकार. मसाविसाठी दोन्हींना भाग जातो तोवरच उतरायचं. लसाविसाठी एकालाच भाग गेला तरी चालतं, दुसरी संख्या तशीच खाली उतरवायची. मांडणी दिसायला एकच, नियम दोन. एकाच तासाला दोन्ही शिकवले की पुढे कायम भेसळ. निदान दोन दिवसांचं अंतर ठेवावं.

पण १९५ आणि २२१ चे अवयव पाडायचे तर १३ चा संशय आधी यायला हवा, आणि तोच येत नव्हता. इथे एक साधी युक्ती आहे: दोन्हींची वजाबाकी करा. दोन संख्यांना ज्याने भाग जातो, त्याने त्यांच्या फरकालाही जातोच. २२१ − १९५ = २६. म्हणजे सामाईक विभाजक २६ च्या विभाजकांपैकीच असणार: १, २, १३ किंवा २६. दिलेल्या संख्या विषम, तेव्हा २ आणि २६ गळाले. उरला १३. भागून बघितला की १५ आणि १७. एका वजाबाकीने तेरा समोर येऊन उभा राहतो. ११९/१३६ मध्ये फरक १७, उत्तर ७/८. ५७/७६ मध्ये फरक १९, उत्तर ३/४. ९१/११७ मध्ये फरक २६, उत्तर ७/९. ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३ या संख्या तोंडावरून मूळ संख्या वाटतात आणि नसतात. पहिल्याच फरकात त्यांचं बिंग फुटतं. याच कारणाने लागोपाठच्या संख्या, जसं ४४/४५, न बघताच अतिसंक्षिप्त म्हणाव्यात. फरक १, त्याला भागणार कोण?

फरक मोठा आला तर पुन्हा तेच करायचं, आणि वारंवार वजाबाकी करण्यापेक्षा सरळ भागाकार करायचा. हीच भागाकार पद्धत. मोठीला लहानने भागा. बाकी उरली तर मघाचा भाजक आता भाज्य, आणि बाकी भाजक. शून्य बाकी येईपर्यंत हेच. २२१ ला १९५ ने भागलं, बाकी २६. १९५ ला २६ ने भागलं, सात वेळा १८२, बाकी १३. २६ ला १३ ने भागलं, बाकी शून्य. शेवटी ज्याने भागलं तो १३, तोच मसावि. चुकायच्या जागा तीन. शेवटचा भागाकार (इथे २) हाच मसावि म्हणून लिहिणं, ही पहिली. बाकीने मागच्या भाजकाला भागायचं सोडून मूळच्या मोठ्या संख्येलाच पुन्हा भागणं, ही दुसरी. तिसरी म्हणजे बाकी १ आल्यावर ‘काहीतरी चुकलं’ म्हणून सगळं खोडून टाकणं. बाकी १ आली म्हणजे संख्या सहमूळ, अपूर्णांक होता तसाच राहणार. हेही उत्तरच आहे.

ही पद्धत युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मांडली. आपल्याकडे ती कुट्टकाच्या गणितात भेटते, म्हणजे एका संख्येला कितीने गुणून ठरलेली संख्या मिळवली की दुसरीने निःशेष भाग जातो हे शोधण्याच्या गणितात. आर्यभटापासून (४९९) ती परंपरा चालत आली. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. तिच्यातला नियम असा की दोन संख्या एकमेकींनी भागत गेलं असता शेवटी जे उरतं ते त्यांचं अपवर्तन, म्हणजे आपला मसावि. वर घेतलेला १९५ आणि २२१ चा जोडही तिथलाच. प्रश्न असा: २२१ ला कितीने गुणून त्यात ६५ मिळवले म्हणजे १९५ ने निःशेष भाग जाईल? आधी तिन्ही संख्यांना १३ ने काटायचं: १७, ५, १५. आता १७ ला कितीने गुणून ५ मिळवले की १५ ने भाग जातो? पाचने: ८५ आणि ५, नव्वद. मूळ संख्यांतही तेच: २२१×५ = ११०५, अधिक ६५, ११७०, आणि १९५×६ तेवढेच. मला आवडते ती पुढची अट. २२१ आणि १९५ ज्याने काटले, त्याने ६५ ला भाग जात नसता तर प्रश्नच दुष्ट, म्हणजे मुळात चुकीचा घातलेला, असं भास्कराचार्य स्पष्ट सांगतात. उत्तर नसलेला प्रश्न ओळखणं हेही मसाविचंच काम.

भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्याने मठ काढला. त्याचा शिलालेख कन्नडचा घाट उतरून गेलं की चाळीसगावजवळ पाटणला आहे. दौलताबादचा किल्ला बघायला सहली नेणाऱ्या गणिताच्या मास्तरांनी एवढं सांगायला हरकत नाही.

संख्या मोठ्या असल्या तरी भागाकार पद्धत फार लांबत नाही. फ्रान्सच्या गॅब्रिएल लामेने १८४४ मध्ये सिद्ध केलं की लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. दोन अंकी संख्येला फार तर दहा. सगळ्यात छळणारी जोडी ५५ आणि ८९ सारखी असते. बाकी येते ३४, मग २१, १३, ८, ५, ३, २, १. नऊ भागाकार करून हाती काय, तर १.

एवढी यंत्रणा दर वेळी काढायची गरज मात्र नसते. रोजच्या व्यवहारातले छेद ठरलेले असतात आणि त्यांचे मूळ अवयव मोजके. एकराचे गुंठे ४०, म्हणजे २ आणि ५ एवढेच अवयव. म्हणून गुंठ्यांचा एकरात अपूर्णांक करताना तीन, सात, अकरा यांचा विचारच करायचा नाही. २४ गुंठे म्हणजे २४/४०, ३/५ एकर. १५ गुंठे म्हणजे ३/८. २७ गुंठे? विषम, शेवटी ५ नाही, काट संपली, २७/४० च. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तिथे छेद १००, पुन्हा २ आणि ५ च. (सातबारा हा काही अपूर्णांक नव्हे, पण असता तरी त्याला काट लागली नसती.) गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, अवयव ३ आणि ११. तीस बाय चाळीसचा प्लॉट १२०० चौरस फुटांचा. तो किती गुंठ्यांचा? १२००/१०८९. अंकांची बेरीज ३, तेव्हा ३ ने भाग जातो, ९ ने नाही. ११ ची कसोटी लावली तर जात नाही. मसावि ३, उत्तर ४००/३६३. दोन कसोट्यांत निकाल लागला. भागाकार पद्धतीने याच जोडीला सहा भागाकार लागतात.

जुन्या हिशेबात आणखी मजा होती. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अवयव फक्त २ आणि ३. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. भाव सहा कलदारला सात हाली. शंभर कलदारांचे किती? ७००/६, मसावि २, म्हणजे ३५०/३, म्हणजे ११६ रुपये आणि वर दोन तृतीयांश रुपया. तोच ‘११६ रुपये १० आणे ८ पै’ असा लिहिला जाई. उलट जायचं तर १० आणे ८ पै म्हणजे १२८ पै, अपूर्णांक १२८/१९२. दोनने काटत बसलं तर सहा वेळा काटावं लागतं. फरक बघा: ६४. तो दोन्हींना जातो, २/३. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ असलेल्या मुनिमाला हे सांगायची गरज नसायची.

बेरीज करायची असेल तर मात्र काटायची घाई करू नये. एका बांधाला १५ गुंठे आणि दुसऱ्याला २४ गुंठे असतील तर १५/४० आणि २४/४० तसेच ठेवा: ३९/४०. आधी ३/८ आणि ३/५ करून घेतले की पुन्हा लसावि ४० काढत बसावं लागतं. आधी जोडा, मग मोडा. गुणाकारात उलटं: तिथे आधीच काटावं. १४/१५ × २५/२८ मध्ये १४ आणि २८ आडवे काटले, २५ आणि १५ काटले, ५/६ उरले. न काटता गुणलं तर ३५०/४२० येतात आणि त्यांचा मसावि ७० शोधावा लागतो. ही तिरकी काट गुणाकाराच्या चिन्हापुरतीच. मध्ये अधिक असलं आणि कुणी १४ व २८ काटले, तर पुढचं सगळं वाया.

अधिक चिन्हावरून होणारा घात यापेक्षा वाईट आहे. (६+१५)/(६+२०) यात वर-खाली ६ दिसले म्हणून ते कापतात आणि १५/२० करतात. खरं उत्तर २१/२६. काट गुणलेल्या अवयवाला लागते, मिळवलेल्या संख्येला नाही. दुसरी चूक १७/५१ ची. सतरा पूर्ण उडाले म्हणून वर शून्य लिहितात, किंवा वर काहीच न लिहिता उत्तर ३ देतात. वर १ राहतो, उत्तर १/३. आणि १६/६४ मधला ६ कापून १/४ म्हणणाऱ्याला तर बरोबर उत्तरच दगा देतं. १९/९५, २६/६५, ४९/९८ यांतही असं जुळतं. दोन अंकी संख्यांत असे चारच योगायोग आहेत. त्याच पद्धतीने १२/२४ मधला २ कापून १/४ लिहून दाखवावं, म्हणजे भ्रम उतरतो.

एक गोष्ट गणिताच्या पुस्तकात नसते, शेतात असते. काटलेलं प्रमाण आणि मूळ प्रमाण गणिताला सारखं, कामाला नाही. डीएपी खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण असतं १८:४६:००. मसावि २, काटून ९:२३. पन्नास किलोच्या पोत्यात नत्र ९ किलो आणि स्फुरद २३ किलोच असतं, म्हणून वाटतं की काटलेलं प्रमाण म्हणजे पोत्यातले किलो. १०:२६:२६ लाही तसंच: ५:१३:१३, आणि पोत्यात ५, १३, १३ किलो. आता १२:३२:१६ घ्या. मसावि ४, काटून ३:८:४. पोत्यात मात्र ६, १६ आणि ८ किलो. पहिल्या दोन्हींत जुळलं कारण पोतं शंभराच्या निम्मं आणि मसावि नेमका २. १५:१५:१५, १७:१७:१७ आणि १९:१९:१९ तिन्ही काटून १:१:१ होतात. खतं तीन, ताकद तीन प्रकारची. खताचे आकडे शेकड्यातले असतात, ते काटले की शेकडा हरवतो.

आंतरपिकाचंही तेच. सोयाबीनमध्ये तूर ४:२ ने घेतात, चार तासं (ओळी) सोयाबीनची आणि दोन तुरीची. गणितात हे २:१. रानात २:१ पेरलं तर दर दोन तासांमागे तुरीचं एक तास येईल, बियाण्याचा हिशेब तोच राहील, पण सोयाबीनला सलग चार तासांची पट्टी मिळणार नाही आणि सोयाबीन निघाल्यावर तुरीच्या दोन ओळींना दोन्ही अंगांनी मोकळी जागा राहते, तीही तशी राहणार नाही. बाजरी-तूर ३:३ हे १:१ करणाऱ्याने हातात तिफण धरून बघावी: तीन फणांनी एका फेऱ्यात बाजरी आणि दुसऱ्यात तूर पेरता येते, एकाआड एक तास पेरायचं तर प्रत्येक फेऱ्याला बियाणं वेगवेगळ्या नळ्यांत सोडत बसावं लागेल.

शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी उदाहरणं बनवणाऱ्यांसाठी शेवटचं. उत्तरापासून सुरुवात करा. ७/१२ सारखा सहमूळ जोड घ्या आणि वर-खाली १९ ने गुणा: १३३/२२८. फरक ९५, म्हणजे ५ आणि १९; पाचने दोन्हींना जात नाही, १९ ने जातो. १३/१७ ला ११ ने गुणलं तर १४३/१८७, फरक ४४. १७/२३ ला १३ ने गुणलं तर २२१/२९९, फरक ७८. दहा उदाहरणांत अशी तीन-चार असली की दोन-तीन-पाचवर भागणारं काम थांबतं. पण सगळ्या दहांना काट लागेल असं करू नका, नाहीतर मुलं भाग जात नसतानाही ओढूनताणून काटतात. ९१/१२० सारखं एखादं घाला, फरक २९, कशानेच जात नाही. सगळ्यात हुशार बाकावर ५५/८९ द्या आणि नवव्या भागाकारापर्यंत पेन खाली कोण ठेवत नाही ते बघा.